गुळाच्या उबेतलं डांबर

तुमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत जेवढे खड्डे लागतात, त्यांतला शेवटचा खड्डा कोणी बुजवला हे तुम्ही कधी विचारलंय का? कशाने बुजवला, थंडीत की उन्हाळ्यात, आणि किती टिकला? आपण विचारत नाही. गाडी आदळली की शिवी देतो, आदळली नाही की पुढे जातो. मांडवगण फराट्याच्या गुलाबमामांबद्दल लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा हाच प्रश्न मनात आला. कारण ज्या रस्त्यावरून आम्ही काहीही न कळता पुढे जात होतो, त्याच रस्त्यावर मामा उभे असायचे, आणि तिथेच ते गेले.

त्या सकाळी मी शिरूरला होते, ज्या छापखान्यात काम करते तिथे. हातात लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं. फोनवर एक फोटो आला. नदीच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक माणूस आडवा पडलेला, अंगावर कुणीतरी टाकलेली चादर, शेजारी लोखंडी धुम्मस. खाली मोठ्या अक्षरांत ओळ होती, ‘खड्ड्याने घेतला बळी’. ओळ आधी वाचली, मग धुम्मस ओळखला. खडी-डांबर ठोकून बसवायचं ते अवजार. त्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली होती. हाताला घट्टे पडू नयेत म्हणून अशी ट्यूब गुंडाळणारा त्या पट्ट्यात एकच माणूस होता.

लगोलग दोन फोन आले. पहिला विलासचा. आमच्या संघटनेचं काम तो पाहतो, माझ्यासारखाच चिडका आहे. म्हणाला, “मयत घरी आणलीय. जनाजा पुलाच्या उताराला थांबवायचा, साहेब आल्याशिवाय उचलायचा न्हाई. तू पत्रक लिही आन् छापूनच ये.” दुसरा फोन मामांच्या मुलीचा, नसीमचा. तिचा आवाज अगदी कोरडा होता. “ताई, ये. पर येताना काही छापून आणू नको.”

मी दोघांनाही हो म्हटलं आणि एसटीत बसले. पत्रक छापलं नव्हतं, पण डोक्यात ते अर्धं तयार झालं होतं. वाटेतल्या प्रत्येक आदळ्याला एक एक वाक्य सुचत होतं.

गुलाबमामा माझे सख्खे मामा नव्हेत. माझे वडील सणसवाडीच्या कारखान्यात होते आणि मामा एका डांबर ठेकेदाराचा डंपर चालवायचे. लग्नाआधी दोघं तिथल्या एका भाड्याच्या खोलीत राहिले, बिहारी आणि मराठवाड्याच्या पोरांसोबत एका चुलीवर जेवले. वडील युनियनचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांनी आणलेल्या पत्रकांवर. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं त्यांचीच असायची, आणि मी मोठ्याने वाचलेले पहिले शब्द ‘कामगार बंधूंनो’ हे होते. मामा घरी आले की वडील त्यांना नवं पत्रक वाचून दाखवायचे. मामा शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग म्हणायचे, “झ्याक लिवलंय. पर आता करायचं काय, त्ये कुठं लिवलंय?” वडील चिडायचे. “अरे, जाणीव झाली की माणूस आपोआप करतो.” “व्हय व्हय,” मामा म्हणायचे, “आपोआप तर डंपरबी चालू व्हत न्हाई.” वडील गेल्यावर पत्रकं मी लिहायला लागले, आणि ती वाचून घ्यायला मामांकडे न्यायला लागले. तेव्हापासून मला ते ‘पत्रकबाई’ म्हणायचे, अगदी पाहुण्यांसमोरसुद्धा.

ज्या उताराबद्दल मी बोलतेय तो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. पुलाकडे उतरताना रस्ता वळतो आणि त्या वळणावरच खड्डा. शिरूरकडचे म्हणत, पुलाचं काम दौंडकडचं. दौंडकडचे म्हणत, उतार तुमचा. नसीम दौंडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पहाटेच्या पाळीला ती स्कूटीवर याच उताराने जाते. थंडीच्या दिवसांत नदीवरून धुकं असं उठतं, की पुढच्या ट्रॉलीचा लाल दिवासुद्धा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आणि थंडी म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ऊसतोड टोळ्यांच्या बैलगाड्या, सगळ्यांची वाट एकच. खड्डा चुकवायला नसीम उजवीकडे वळली तर समोरून ट्रॉली, डावीकडे गेली तर मातीची घसरती कड. ती गेली की मामा ओट्यावर फोन घेऊन बसायचे. ती पोहोचल्यावर एकदाच रिंग द्यायची. ती रिंग येईपर्यंत मामा चहाला हात लावायचे नाहीत. हे मी कितीदा पाहिलं आहे.

असं नव्हतं की खड्डा कधी बुजवलाच नाही. दर थंडीत बुजवायचे. गरम डांबराचा माल हायवेलगतच्या प्लांटवरून कासुर्डीमार्गे यायचा. तेच काम आयुष्यभर केल्यामुळे मामा त्याची नक्कल करून दाखवायचे. “कासुर्डीपतुर कसा वाफाळतो, नवरीवानी. नदीवर आला की सासूवानी गार.” गारठलेला माल खड्ड्यात टाकून वरून रोलर फिरवला की दिसायला काळाभोर, गुळगुळीत. पण खालच्या धुळीला तो धरतच नाही. दोन-चार ट्रॉल्या गेल्या की पापुद्रा निघावा तसा अख्खा निघून बाजूला पडतो, आणि मग खड्ड्यासोबत त्या ढेकळांवरूनही गाड्या घसरतात.

दोन हिवाळ्यांपूर्वी मी रास्ता रोकोचं पत्रक घेऊन त्यांच्याकडे गेले. मथळा होता ‘खड्ड्याने घेतला बळी’. मामांनी विचारलं, “कुणाचा?” मी म्हटलं, “अजून कुणाचा नाही. पण जाईलच की.” त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि मथळ्यावर काट मारली. “मग तवा लिही.” तिथून आमचं जे भांडण लागलं ते पुढे सुटलं नाही. माझं म्हणणं होतं, आणि अजून आहे, की लोकांनी आपल्या हाताने खड्डे बुजवले की ज्यांचं ते काम आहे ते मोकळे सुटतात. खड्डा उघडा राहू द्या, तिथे बसू, साहेबांना आणू. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “तुझा मोर्चा येईस्तवर नसीम रोज त्यातनंच जाती. तू तिला सांग, थांब, अजून साहेब आलं न्हाईत.” मी म्हटलं, “मामा, तुम्ही भावनेवर नेताय.” ते म्हणाले, “मी उतारावर नेतोय.” त्या दिवशी मी चहा न पिता उठले होते.

आता ते शहाणे आणि मी पोरकट, असं कुणाला वाटत असेल तर थांबा, कारण पुढच्याच आठवड्यात मामांनी जो उपाय केला त्याची तालुक्यात अजून चेष्टा होते. गरम डांबर थंडीत धरत नाही, तर दुसरं काय धरेल, याचा त्यांना ध्यास लागला होता. गावातल्या गुऱ्हाळात गूळ कढवताना वर येणारी मळी चिकट असते आणि गार झाली की दगडासारखी होते. मामांनी गुऱ्हाळवाल्या आप्पांकडून ती मागून आणली, साखर कारखान्याची राख आणि खडी तिच्यात कालवली, आणि खड्डा भरला. सकाळी पाहिलं तर पाय आपटला तरी ढिम्म हलेना. मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. आम्ही उतारावर उभे, आणि वरून उसाची बैलगाडी आली. वळणावर आली आणि दोन्ही बैल थांबले. गाडीवानाने ओढलं, शेपूट पिरगळली, बैल हलेनात. मान खाली घालून रस्ता चाटायला लागले. मळी म्हणजे त्यांचं आवडीचं खाणं. मागून दुसरी गाडी आली, तिचेही बैल तिथेच. तिच्यामागे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, उतारावर, भरलेला… ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहून ओरडतोय, आणि मामा बैलांच्या तोंडासमोर हात पसरून, “ए बाबांनो, सरका, डांबर हाय त्ये.” ट्रॅक्टर गाडीच्या अगदी मागे येऊन टेकला आणि थांबला. गाडीवानाने खाली उतरून मामांकडे पाहिलं आणि म्हणाला, “चाचा, पुढच्या बारीला शेंगदाणं टाका, चिक्की व्हईल.” आम्ही सगळे हसलो, मामा सोडून. दुपारपर्यंत ऊन लागून सगळं पुन्हा मऊ झालं आणि चाकांना चिकटून निघून गेलं.

त्या प्रकाराची तक्रार झाली आणि म्हणून रस्त्याच्या कार्यालयातून एक तरुण इंजिनिअर मॅडम आल्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्या म्हणाल्या, “एवढ्याशा खड्ड्यासाठी प्लांट माल काढत नाही, आणि काढला तरी इथे येईपर्यंत त्याचा उपयोग संपतो, हे मलाही माहीत आहे. मी कोल्ड मिक्सच्या गोण्या मागितल्यात. ट्रायलला थोड्या मिळाल्यात.” गोणीतून येणारं, न तापवता वापरायचं डांबर. मामांचा विश्वास बसेना. “गोणीत डांबर? मग उद्या पुडीत पूल मिळंल.” मॅडमनी काम दाखवलं. खड्ड्याच्या कडा आधी उभ्या, सरळ कापून घ्यायच्या. सगळी धूळ झाडायची. मग थर देत भरायचं आणि प्रत्येक थर ठोकायचा. मामांनी सवयीने मुरमावर मारतात तशी पाण्याची बादली उचलली, तर मॅडमनी त्यांचा हातच धरला. “ह्याला पाणी नको, काका. काही जाती पाण्यावर बसतात, ही नाही.” मामांनी बादली खाली ठेवली आणि एकदम शाळकरी चेहऱ्याने विचारलं, “मग ह्याला काय पायजे?” मॅडम म्हणाल्या, “जोर. आणि वापरायच्या आधी थोडी ऊब. थंडीत गोणी आखडते, मग माल सुटा होत नाही आणि नीट बसत नाही.”

ऊब कुठून आणायची, याचं उत्तर मात्र मामांकडे होतं. थंडीत आमच्या गावात सगळ्यात ऊबदार जागा म्हणजे गुऱ्हाळ. चुलाण धडधडत असतं, आणि त्यामागच्या मातीच्या भिंतीला पाठ लावून म्हातारी माणसं बसतात. मामांनी गोण्या तिथे लावायचं ठरवलं. आप्पा बिथरले. “गुलाब, तुझ्या मळीनं माझी अब्रू गेली, आता डांबरानं गुऱ्हाळ जाळतो का?” मॅडमनीही निक्षून सांगितलं होतं की गोणीला जाळ लागता कामा नये. ठिणगी उडाली तर एका बाजूला वाळलेल्या चिपाडांचा ढीग, दुसऱ्या बाजूला डांबर. मामा दुपारभर स्वतः त्या भिंतीपाशी उभे राहिले. जाळ घालणाऱ्याने चिपाडं जास्त लोटली की हात वर करायचे, तो थांबायचा. आप्पा कढईपाशी उभे, पण नजर गोण्यांवर. गुळाच्या वासात डांबराचा वास मिसळला होता. मी मामांना म्हटलं, “हे सगळं ज्यांनी करायचं ते आता कुठे असतील?” ते भिंतीवरचा हात न काढता म्हणाले, “त्ये तू शोध. तुझं काम त्ये. माझं हे. आपलं भांडण कुठं हाय?”

आमचं भांडण होतं. पण त्या वेळी मी गप्प बसले, कारण ठिणगीवर लक्ष ठेवायचं होतं.

दुसऱ्या सकाळी खड्डा भरताना वर ट्रॉल्यांची रांग लागली. हॉर्न, शिव्या, मोठ्याने लावलेली गाणी. एक ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “ओ चाचा, कारखान्याच्या काट्यावर नंबर जातोय, सरका, न्हाईतर अंगावरनं नेतो.” मामा धुम्मस उचलून आपटत राहिले. “ने. पर आधी ह्यो थर बसू दे, म्हंजी गचका बसणार न्हाई.” मग त्याच ड्रायव्हरने त्यांच्या हातातला धुम्मस घेतला आणि शेवटचा थर ठोकला. ट्रॉल्या गेल्या. भरलेली जागा जागेवरच राहिली. पुढच्या पहाटे नसीम गेली, फोन लवकर वाजला, आणि त्यांच्यात पहिल्यांदाच रिंगेपलीकडे बोलणं झालं. ती विचारत होती, “अब्बा, खड्डा कुठं व्हता? मला कळलंच न्हाई.” मामांनी फोन ठेवला, चहाचा कप उचलला आणि चहा गरम असतानाच प्यायले.

तो खड्डा दोन हिवाळे झाले तसाच बसलेला आहे. पण यंदा त्याच उतारावर थोडं खाली, पुलाच्या तोंडाशी, नवा पडला. मॅडमची बदली झाली होती. ट्रायलच्या पुढे गोण्या आल्याच नाहीत. आम्ही अर्ज केले, मी पत्रकं काढली, दोन्ही तालुक्यांनी पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवलं. मामांकडे तोंड घट्ट बांधून ठेवलेली अर्धी गोणी उरली होती. ती त्यांनी आप्पांच्या भिंतीला ऊब देऊन त्या सकाळी नेली, आणि ठोकता ठोकता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

मी मामांच्या घरी पोहोचले तेव्हा अंगणात गर्दी होती. विलास मला बाजूला घेऊन म्हणाला, “लिहिलंस?” तेवढ्यात नसीम आली. तिने माझ्याशी नाही, त्याच्याशीच बोलायला सुरुवात केली. “विलासदादा, अब्बा खड्ड्यात पडले न्हाईत. काल सांजच्यापास्नं छातीत दुखत व्हतं, सोडा पीत बसले. घरात नर्स असून मला सांगितलं न्हाई. डॉक्टरांनी हार्टच सांगितलंय.” विलास हळू आवाजात म्हणाला, “नसीम, माणूस खड्ड्यापाशीच गेला ना? त्यांचं काम ह्यो माणूस करत व्हता, करता करता गेला. मग खोटं काय? आज न्हाई तर परत कवा साहेब येणार?” मला त्याचं पटत होतं. हे लिहिताना लपवत नाही, त्या क्षणी मला त्याचंच पटत होतं. नसीमने माझ्याकडे पाहिलं. “उद्या डॉक्टरांचा कागद निघंल. मग ऑफिसवाले म्हणतील, ह्यांचं हे खोटं, तर मागचंबी समदं खोटं. मग मी रोज कुठनं जाऊ, ताई?”

अंगणात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आत मामांना शेवटची आंघोळ घालायची तयारी चालली होती. मी ओट्यावर बसून लिहिलं आणि उभी राहून वाचलं. “गुलाबमामा हृदयविकाराने गेले. खड्ड्याने त्यांचा बळी घेतला नाही. पण शेवटच्या सकाळी ते जे काम करत होते ते त्यांचं नव्हतं. ज्यांचं होतं, त्यांची नावं दोन्ही तालुक्यांच्या कार्यालयांत पाटीवर लिहिलेली आहेत. थंडीत चालणारा माल कोणता, हे त्यांना माहीत आहे. तो द्या.” विलास म्हणाला, “मऊ झालं.” आप्पा मागून म्हणाले, “मऊ न्हाई. बसलंय.” जनाजा उतारावर थांबला नाही. थेट कब्रस्तानात गेला, आणि विलासने खांदा दिला. दफन झाल्यावर आम्ही तेच पत्रक घेऊन दोन्ही कार्यालयांत गेलो. त्यांनी ते ठेवून घेतलं. गोण्या अजून आलेल्या नाहीत. मी जाणं सोडलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी जियारत, मयतासाठीची दुआ, झाली. नंतर नसीम मला उतारावर घेऊन गेली. मामांनी भरलेला शेवटचा खड्डा अर्धा बसला होता, अर्धा सैल होता. ऊन चढलं होतं, माल अजून सुटा होत होता. तिने धुम्मस उचलला, चार वेळा आपटला, माझ्या हातात दिला. दांड्यावरची ट्यूब जिथे झिजली होती, तिथे माझे हात बरोबर बसले… आम्ही आळीपाळीने तो थर पुरा केला. नसीमने स्कूटी त्यावरून नेली, वळवली, परत आणली. मग मान हलवली.

करायचं काय ते कुठे लिहिलंय, असं मामा विचारायचे, म्हणून शेवटी काम सांगते. थंडी आहे, ट्रॉल्या सुरू आहेत, तुमच्या रस्त्यावरही कुणीतरी गार झालेला माल ओतायला येईल. त्या दिवशी घराबाहेर या. कडा कापल्यात का, धूळ झाडली का, हा माल थंडीत धरणारा आहे का, एवढं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभे राहा. कुणीच आलं नाही, तर खड्डा भरा आणि त्याच दिवशी कार्यालयात जाऊन सांगा की हे काम तुमचं होतं. धुम्मस मांडवगणला नसीमच्या ओट्यावर, दाराच्या उजव्या अंगाला टेकवलेला आहे. न विचारता न्या. झालं की परत आणून तिथेच ठेवा.